अल्ट्रासाउंडनं पाण्यातलं प्रदूषक तोडायचंय? तालुक्याच्या कॉलेजातून सुरुवात अशी करा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की आविष्कार स्पर्धेची तयारी, दर वर्षी कुणीतरी हा विषय घेऊन येतं: ध्वनिलहरींनी पाण्यातलं रसायन फोडायचं. विषय सुंदर आहे, आणि गावाकडच्या साध्या प्रयोगशाळेतही तो खरोखर करता येतो. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि मुलांसोबत हा प्रयोग उभा केलाय. यावरचे शोधनिबंध मोठ्या शहरातल्या सोयी गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडं मधेच वीज जाते, उन्हाळ्यात प्रयोगशाळेतलाच पारा चाळिशीवर असतो, आणि मोजायला जुना फोटोकलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद आहे ते मोजणारं यंत्र) असतो. या परिस्थितीत काम कसं करायचं आणि मुलं नेमकी कुठं अडकतात, ते इथं क्रमानं लिहितोय.

१. आधी हे ठरवा: तुमचं प्रदूषक तुटण्यासारखं आहे का?

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. अल्ट्रासाउंड रेणूतले बंध तोडतो. म्हणून रंग, कीटकनाशकं, औषधांचे अंश, फिनॉल, बेंझिन अशा सेंद्रिय रेणूंवर तो चालतो. साध्या असेंद्रिय आयनांवर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या विद्युतभारित कणांवर, नाही.

आता आपल्या भागाकडं बघा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडलेले दिसतात, म्हाताऱ्यांची हाडं आखडलेली असतात. पण फ्लोराइड हा साधा आयन आहे. त्यात तोडण्यासारखं काही नाही. तासभर अल्ट्रासाउंड द्या किंवा आठवडाभर, फ्लोराइड तेवढंच राहणार. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचंही तेच: मीठ मीठच राहतं, जडपणाही जात नाही. खतांमुळं विहिरीत उतरणारं नायट्रेट कमी होणं तर दूरच. हवा विरघळलेल्या पाण्यात अल्ट्रासाउंड दिला की हवेतल्या नायट्रोजनपासून थोडं नायट्राइट आणि नायट्रेट नव्यानंच तयार होतं.

तेव्हा गावात कुणी विचारलं, ‘सर, या मशीननं आमच्या हापशीचं पाणी चांगलं होईल का?’ तर सरळ ‘नाही’ म्हणा. फ्लोराइड असेल तर स्रोत बदलणं किंवा फ्लोराइड शोषून घेणारी गाळणी, हाच मार्ग आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. जंतूंसाठी क्लोरीन. खोटी आशा लावू नका, लोक ती मनापासून धरून बसतात.

२. पाण्यात नेमकं काय घडतं

वीस किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. असा जोरदार आवाज पाण्यातून गेला की दाब आळीपाळीनं वाढतो आणि पडतो. दाब पडतो तेव्हा विरघळलेली हवा आणि वाफ यांचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, काही आवर्तनं फुगत जातात आणि मग एका क्षणात आत कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात तापमान काही हजार अंशांवर आणि दाब शेकडो वातावरणांवर जातो, तोही सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता. बाकीचं पाणी कोमटच असतं.

अशा बुडबुड्याच्या कोसळण्याचं गणित लॉर्ड रॅलेनं १९१७ मध्ये मांडलं. जहाजांचे पंखे पाण्यात झिजून खड्डे का पडतात, हा तेव्हाचा प्रश्न होता. रिचर्ड्स आणि लूमिस यांनी १९२७ मध्ये अशा ध्वनीचे रासायनिक परिणाम दाखवले.

बुडबुड्यातल्या त्या उष्णतेनं पाण्याची वाफ फुटते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा अत्यंत तिखट ऑक्सिडीकारक आहे, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. बेंझिनसारखे उडून जाणारे रेणू स्वतःच बुडबुड्यात शिरून जळतात. मिथिलीन ब्लूसारखे पाण्यात विरघळून राहणारे रेणू मात्र बुडबुड्याच्या काठावर रॅडिकलच्या तावडीत सापडावे लागतात. म्हणून ते हळू तुटतात.

वारंवारितेचाही फरक पडतो. २० ते ४० किलोहर्ट्झला बुडबुडे मोठे असतात. धुण्या-घासण्यासाठी ते उत्तम. रॅडिकल भरपूर हवे असतील तर काहीशे किलोहर्ट्झची यंत्रं चांगली, पण ती महाग आहेत आणि आपल्याकडं मिळत नाहीत. आपला प्रयोग साध्या अल्ट्रासॉनिक बाथवरच, म्हणजे पाण्यात अल्ट्रासाउंड सोडणाऱ्या छोट्या टाकीवरच, करायचा आहे, त्यामुळं निकाल मंद येणार हे आधीच मनाशी धरा.

३. सामान आणि कागदपत्रं

अल्ट्रासॉनिक बाथ विकत घेण्याआधी जवळपास कुठं बघायला मिळतो ते शोधा. सोनाराकडं दागिने धुवायला, चष्म्याच्या दुकानात, दातांच्या दवाखान्यात हेच यंत्र असतं. फार्मसी कॉलेजात तर असतंच. बहुतेक ३३ किंवा ४० किलोहर्ट्झचं असतं, दोन-तीन लिटरचं. मात्र दुकानातल्या किंवा दवाखान्यातल्या बाथमध्ये रसायनाचा प्रयोग करून तो परत देऊ नका. कॉलेजचाच बाथ वापरा.

बाकी यादी अशी:

- पातळ काचेचे सारखे कॉनिकल फ्लास्क, क्लॅम्प-स्टँड
- फोटोकलरीमीटर आणि लाल फिल्टर (६६० नॅनोमीटरच्या आसपासचा), किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर
- थर्मामीटर, स्टॉपवॉच, पीएच मीटर, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- मिथिलीन ब्लू, पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च
- स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल
- डिस्टिल्ड वॉटर. दुकानातलं बॅटरीचं पाणी घेतलंच, तर प्रत्येक डबा टीडीएस मीटरनं तपासून घ्या. सगळे डबे सारखे नसतात
- व्होल्टेज स्टॅबिलायझर
- बर्फ, आणि कानांसाठी मफ किंवा प्लग

कागदपत्रं थोडीच, पण आधी जमवा. विभागप्रमुखांची लेखी परवानगी, प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, बाथचं माहितीपत्रक (त्यावर वारंवारिता आणि वॅट लिहिलेले असतात), आणि पानांना क्रमांक घातलेली नोंदवही. सुट्या कागदावर आकडे लिहू नका. परीक्षक सगळ्यात आधी नोंदवहीच मागतात.

सुरक्षेच्या तीन सूचना. चालू बाथमध्ये बोट घालायचं नाही, इजा होते. पाणी नसताना बाथ चालू करायचा नाही, खालचा ट्रान्सड्यूसर (विजेपासून ध्वनिलहरी तयार करणारा भाग) जळतो. आणि झाकण लावूनच चालवायचा, कारण त्याचा किर्र आवाज कानांना त्रासदायक असतो.

४. यंत्र ओळखा: या पायरीला पूर्ण दोन दिवस द्या

कुठल्याही प्रदूषकाला हात लावण्याआधी तुमचा बाथ काय देतो ते कळायला हवं. घाईत ही पायरी सुटते आणि मग आज आलेला निकाल उद्या येत नाही.

पहिली तपासणी फॉइलची. बाथमध्ये ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरा, पाच-दहा मिनिटं नुसता चालवा म्हणजे जास्तीची हवा निघून जाईल. मग फॉइलचा तुकडा उभा धरून अर्धा ते एक मिनिट पाण्यात ठेवा. धरायला चिमटा वापरा. बाहेर काढून उजेडासमोर धरला की छिद्रं आणि खरबरीत पट्टे दिसतील. ते सगळीकडं सारखे नसतात. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर. बाथ ४० किलोहर्ट्झचा असेल तर त्याला ४०,००० नं भागलं की तरंगलांबी ३.७ सेंटिमीटर येते. अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे साधारण १.८ सेंटिमीटरवर, पुढचा जोरदार पट्टा सापडतो. फॉइल वेगवेगळ्या जागी धरून नकाशा काढा आणि सगळ्यात जास्त फाटतो त्या जागेवर बाथच्या कडेला मार्करनं खूण करा. तुमचा फ्लास्क कायम तिथंच, त्याच उंचीवर टांगायचा. फ्लास्क बुडाला टेकवायचा नाही. प्लास्टिकची बाटली वापरायची नाही, ती आवाज खाते.

दुसरी तपासणी रॅडिकलची. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा आणि दोन फ्लास्कमध्ये वाटून घ्या. एक बाथमध्ये, दुसरा बाहेर, दोन्हींना अंधार. अर्ध्या तासानं दोन्हींत स्टार्चचे थेंब टाका. बाथमधल्या द्रावणात आयोडीन सुटलेलं असेल तर निळसर रंग येतो, बाहेरच्यात येऊ नये. बाहेरच्यातही आला, तर द्रावण जुनं आहे किंवा उजेड लागलाय. पुन्हा ताजं करा. जुन्या पुस्तकांत या चाचणीत कार्बन टेट्राक्लोराइड घालायला सांगितलेलं असतं. ते विषारी आहे, घालू नका, त्याच्याशिवाय काम होतं.

तिसरी तपासणी शक्तीची. बाथवर १०० वॅट लिहिलेले असतात, पण तुमच्या फ्लास्कपर्यंत किती पोचतात? बाथचा हीटर बंद ठेवा. फ्लास्कमध्ये मोजून पाणी घ्या, पहिल्या पाच मिनिटांत तापमान किती वाढतं ते लिहा. समजा ५०० ग्रॅम पाणी पाच मिनिटांत ३ अंशांनी तापलं. मग ०.५ × ४१८६ × ३ भागिले ३००, म्हणजे सुमारे २१ वॅट. फ्लास्कला बाहेरच्या पाण्याचीही थोडी ऊब लागते, म्हणून हा अंदाजच, पण रोजच्या तुलनेला पुरेसा. हाच आकडा अहवालात लिहा, डब्यावरचा लिहू नका. आपल्याकडं संध्याकाळी गावभर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि हा आकडाही पडतो. म्हणून स्टॅबिलायझर, आणि शक्यतो सकाळची वेळ.

५. पहिला प्रयोग मिथिलीन ब्लूवर

कीटकनाशकानं सुरुवात करू नका. मिथिलीन ब्लू घ्या. डोळ्यांना दिसतो आणि कलरीमीटरवर मोजता येतो.

१०० मिलीग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करा. त्यातलं ५० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा: हे झालं लिटरला ५ मिलीग्रॅमचं द्रावण. याहून दाट घेतलं तर कलरीमीटर गोंधळतो आणि टक्केवारीतला फरकही कमी दिसतो. १, २, ३, ४, ५ मिलीग्रॅमची द्रावणं करून आधी आलेख काढा. सरळ रेषा आली तरच पुढं जा.

मग चार सारखे फ्लास्क तयार करा:

- रंग, बाथमध्ये, अंधारात
- रंग, बाथबाहेर त्याच तापमानाच्या पाण्यात, अंधारात
- रंग, बाथबाहेर, खिडकीच्या उजेडात
- नुसतं डिस्टिल्ड वॉटर, बाथमध्ये

आपल्याकडच्या उन्हात मिथिलीन ब्लू आपोआप फिकट होतो. तिसरा फ्लास्क नसेल तर तुम्ही उन्हाचं श्रेय अल्ट्रासाउंडला द्याल. दुसरा फ्लास्कही तितकाच गरजेचा, कारण हा रंग काचेला आणि प्लास्टिकला चिकटतो आणि पाण्यातून कमी झाल्यासारखा दिसतो.

बाथ चालवा आणि दर १५ मिनिटांनी थोडासा नमुना काढून मोजा. तापमान २५ ते ३० अंशांत ठेवायचं आहे, आणि विदर्भात हेच सगळ्यात अवघड. बाथ स्वतःही पाणी तापवतो. पाणी गरम झालं की बुडबुड्यात वाफ जास्त भरते आणि तो जोरात कोसळत नाही, म्हणजे रॅडिकल कमी. बाथमधलं थोडं पाणी काढून तेवढंच बर्फाचं घालत राहा, पातळी खुणेवरच ठेवा. एप्रिल-मे टाळता आला तर टाळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

मधेच वीज गेली तर तो प्रयोग तिथंच संपवा. पुढं जोडून आकडे पूर्ण करू नका.

६. आकड्यांचं काय करायचं

सुरुवातीची मात्रा भागिले आत्ताची मात्रा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढा आणि वेळेसमोर मांडा. रेषा सरळ आली तर तिचा उतार म्हणजे तुमचा वेगस्थिरांक, रंग किती वेगानं जातो ते सांगणारा आकडा. समजा तासाभरात ५ चे ४ मिलीग्रॅम झाले: लॉग ०.२२३, वेगस्थिरांक मिनिटाला ०.००३७, आणि निम्मा रंग जायला सुमारे १८७ मिनिटं. साध्या बाथला एवढा वेळ लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. किमान तीनदा करा आणि तिन्ही आकडे छापा.

७. इथं हमखास फसगत होते

फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की रंग भराभर जातो. याला फेंटन अभिक्रिया म्हणतात, पीएच ३ च्या आसपास ती उत्तम चालते, आणि तिला अल्ट्रासाउंड लागतच नाही. कितीतरी प्रोजेक्टमध्ये ‘अल्ट्रासाउंडनं काही मिनिटांत ९५ टक्के रंग गेला’ असं लिहिलेलं असतं आणि खरं काम लोखंडानं केलेलं असतं. तुम्ही फेंटन जोडणार असाल तर तीन वेगस्थिरांक वेगळे काढा: नुसता अल्ट्रासाउंड, नुसतं फेंटन, आणि दोन्ही मिळून. तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा स्पष्टपणे मोठा असेल तरच एकत्र करण्यात फायदा आहे.

मिथाइल ऑरेंज घेणाऱ्यांनी पीएच पाहावा. वर सांगितलेल्या नायट्राइट-नायट्रेटमुळं पाणी आम्लधर्मी होत जातं, आणि मिथाइल ऑरेंज आम्लात रंग बदलतो. कलरीमीटरचा आकडा बदलला, रेणू मात्र शाबूत.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे रंग गेला की प्रदूषक गेलं असं समजणं. रंग देणारा भाग तुटला तरी उरलेले तुकडे पाण्यातच असतात. ते कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचले का, हे पाहायला सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडेशनला लागणारा ऑक्सिजन) किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. सीओडीतही अडचण आहे: उरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड सीओडी वाढवून दाखवतं, ते आधी नष्ट करावं लागतं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यातलं क्लोराइडही तसंच फसवतं.

८. मग विहिरीचं पाणी

डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रयोग जमला की तोच रंग गावच्या विहिरीच्या पाण्यात घालून पाहा. वेग बहुधा वेगळा येईल. आपल्या काळ्या खडकातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतं. क्लोराइड आणि कुजलेला पालापाचोळाही तेच करतात. पाण्याचा पीएच, टीडीएस, अल्कधर्मिता आणि क्लोराइड आधी मोजून ठेवा, म्हणजे फरक का पडला ते सांगता येईल. माझ्या मते गावच्या कॉलेजनं करायचं खरं काम हेच आहे. शुद्ध पाण्यातले निकाल जगभर पडलेत; वणीच्या किंवा दर्यापूरच्या विहिरीच्या पाण्यात काय होतं, हे तिथल्या मुलांनीच मोजायचं.

९. कीटकनाशकाकडं कधी वळायचं

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पाणी पिऊन नव्हे, श्वासातून आणि कातडीतून गेलेल्या औषधानं. त्या घरांतली मुलं आज आपल्या वर्गात बसतात आणि त्यांना याच विषयावर काम करायचं असतं. म्हणूनच स्पष्ट लिहितो: कृषी केंद्रातली बाटली आणून बाथमध्ये ओतू नका.

एक तर बाटलीत मूळ औषधाबरोबर द्रावक आणि फेस आणणारे पदार्थ असतात, त्यामुळं काय तुटलं ते कळत नाही. दुसरं, मोजायला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत, लागते. कलरीमीटरवर ते दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्लोरपायरिफॉस किंवा क्विनालफॉसच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं. अर्धवट ऑक्सिडेशनमध्ये गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि ऑक्सॉन तयार होतो. तो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे. म्हणजे मधेच थांबलेला प्रयोग पाणी आधीपेक्षा वाईट करू शकतो. हे काम सुसज्ज प्रयोगशाळेत, अनुभवी मार्गदर्शकासोबतच.

१०. विजेचा हिशेब अहवालात घाला

परीक्षक विचारोत न विचारोत, हा हिशेब द्या. १०० वॅटचा बाथ, सगळं दोन लिटर पाणी रंगाचं आहे असं धरा, निम्मा रंग जायला तीन तास: ०.३ युनिट. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं पाच जणांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतं. त्यासाठी रोज सुमारे ४१ युनिट, तेही निम्माच रंग घालवायला. म्हणून बाथ हे शिकण्याचं आणि मोजण्याचं साधन आहे, गावाला पाणी पुरवण्याचं नाही.

जास्त पाण्यासाठी दुसरी वाट आहे, हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन. ठिबकवर खत सोडायची व्हेंच्युरी तुम्ही पाहिलीच असेल. पाणी अरुंद गळ्यातून जोरात गेलं की तिथला दाब पडतो. पुरेसा पडला तर तिथंच बुडबुडे तयार होतात आणि पुढं कोसळतात. आवाजाऐवजी पंप काम करतो आणि मोठ्या प्रमाणावर वीज कमी लागते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी यावर दीर्घकाळ काम केलंय. त्यांचे शोधनिबंध वाचा.

११. नागपूरला जायचं असेल तर

सीओडीच्या पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरच जवळ पडतं: १९५८ मध्ये सुरू झालेली नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था), व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था). प्राचार्यांच्या सहीचं पत्र आधी पाठवा. पत्रात नुसतं ‘सहकार्य मिळावं’ लिहू नका. कोणती तपासणी, किती नमुने आणि अंदाजे मात्रा किती ते लिहा. सोबत फॉइलच्या नकाशाचा फोटो, शक्तीचा आकडा आणि मिथिलीन ब्लूचा आलेख जोडा. एवढी तयारी पाहिली की समोरचा माणूस वेळ देतो. नमुने तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, बाटलीवर तारीख, वेळ आणि पीएच लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि पहाटेची एसटी धरा, म्हणजे उन्हाच्या आत पोचाल.